वेग सोसण्याची साधना

पूजेला वेळ नेमून देता येते, जपाला माळ असते, उपवासाला तिथी असते. मनात उसळलेली प्रतिक्रिया आवरण्याच्या साधनेला मात्र यांतले काहीच नसते. ती केव्हा करावी लागेल हे आदल्या क्षणापर्यंत ठाऊक नसते, तिच्यासाठी आसन घालून बसता येत नाही, आणि ती साधली तरी पाहणाऱ्याला काही घडल्याचे कळतसुद्धा नाही. तरीही गेल्या काही वर्षांत माझी अशी खात्री होत गेली आहे की, संसारात राहणाऱ्या माणसाला आतून बदलणारी साधना हीच आहे, आणि बाकीचे नेमधर्म पुष्कळ अंशी हिची पूर्वतयारी म्हणून करावेत.

गीतेच्या पाचव्या अध्यायातला तेविसावा श्लोक मी या दृष्टीने पुन्हा पुन्हा वाचते. ‘शक्नोतीहैव यः सोढुं प्राक्शरीरविमोक्षणात् । कामक्रोधोद्भवं वेगं स युक्तः स सुखी नरः ॥’ शरीर सुटण्यापूर्वी, इथेच, काम आणि क्रोध यांच्यापासून उठणारा वेग ज्याला सोसता येतो तो योगी आणि तोच सुखी, असे भगवंत सांगतात. काम-क्रोध मनात उठूच नयेत अशी अट येथे घातलेली नाही. वेग उठणार हे गृहीतच आहे. प्रश्न एवढाच आहे की तो उठल्यावर आपण त्याच्याबरोबर वाहत जातो की त्याला आपल्यातून जाऊ देतो. शिवाय हा उपदेश एकांतात बसलेल्या तपस्व्याला केलेला नाही. ज्याच्यासमोर आप्तांचीच सेना उभी आहे अशा माणसाला तो रणांगणावर केलेला आहे, आणि घरसंसार सांभाळणाऱ्या माणसाला म्हणूनच तो जवळचा वाटतो.

मात्र ‘आवरणे’ म्हटले की आपल्याकडे लगेच ‘दाबणे’ असा समज होतो आणि सगळा घोटाळा तेथेच होतो. या बाबतीत मला सर्वांत स्वच्छ मार्गदर्शन एखाद्या अध्यात्मग्रंथात नव्हे, तर आयुर्वेदात सापडले. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायाचे नावच ‘न वेगान्धारणीय’ असे आहे. त्यात आधी शरीराचे 13 वेग सांगितले आहेत, जे कधीही अडवू नयेत: मल, मूत्र, शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान, झोप, श्रमाने लागलेली धाप आणि असेच इतर. ते अडवल्यास कोणकोणते विकार होतात तेही सविस्तर दिलेले आहे. त्यानंतर लगेच जे वेग अडवलेच पाहिजेत ते येतात: लोभ, शोक, भय, क्रोध, मान, निर्लज्जपणा, ईर्ष्या, अतिआसक्ती आणि दुसऱ्याच्या वस्तूची अभिलाषा. वाणीचे वेग वेगळे सांगितले आहेत. कठोर बोलणे, अति बोलणे, चहाडी, असत्य आणि अवेळी बोलणे या पाचांचा वेग उठताच धरावा, असे चरकाचे म्हणणे आहे.

या दोन याद्या शेजारी ठेवून पाहिल्या तर एक गोष्ट फार लक्षात राहते. अश्रू हे पहिल्या यादीत आहेत आणि शोक दुसऱ्या यादीत आहे. म्हणजे डोळ्यांत आलेले पाणी अडवू नये, ते शरीराचे काम आहे. परंतु दुःखाच्या भरात मन जिकडे ओढले जाते, जे बोलले आणि केले जाते, त्याला मात्र आवर घालावा. आपल्या घरांतून नेमके उलटे चालते. मुलगा रडू लागला की ‘मुलींसारखा रडतोस काय’ म्हणून त्याचे रडणे थांबवले जाते, आणि तोच मुलगा मोठा होऊन घरात आवाज चढवू लागला की ‘स्वभाव तापट आहे, पण मनात काही नसतं हो त्याच्या’ असे म्हणून त्याची पाठराखण केली जाते. जे वाहू द्यायचे ते आपण कोंडले आणि जे थोपवायचे ते मोकळे सोडले. माझ्या मते आपल्या कुटुंबांतली पुष्कळशी दुखणी या एका उलटापालटीतून आलेली आहेत.

वेग सोसायचा म्हणजे प्रत्यक्षात करायचे काय, याचे उत्तर मला आमच्या नाशिक जिल्ह्यातच, इगतपुरीला मिळाले. सत्यनारायण गोयंका हे मूळचे ब्रह्मदेशातल्या मंडालेचे. सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ते विपश्यना ही ध्यानपद्धती शिकले, 1969 मध्ये भारतात आले आणि 1976 पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरे सुरू झाली. दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस केवळ नाकाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष द्यायचे असते, चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते, आणि त्यानंतर दिवसातून तीन वेळा एकेक तास शरीराची बैठक न बदलता बसायचे असते. या बैठकीला अधिष्ठान म्हणतात. तेथील शिकवणीचा गाभा असा की, आपल्याला वाटते आपण दुसऱ्याच्या बोलण्यावर चिडतो, परंतु खरे पाहता त्या बोलण्याने आपल्या शरीरात जी संवेदना उत्पन्न होते तिच्यावर आपण प्रतिक्रिया देत असतो. संवेदना आणि तृष्णा यांच्यामध्ये फट आहे, आणि साधकाला जे काही करायचे आहे ते त्या फटीत करायचे आहे.

ऐकायला हे तत्त्वज्ञान वाटते. अधिष्ठानाला बसल्यावर ते त्वचेवर उमटते. पावसाळ्याचे दिवस होते, हॉलमध्ये ओलसर गारवा होता, आणि बसल्यावर थोड्याच वेळात माझ्या उजव्या गालावर, डोळ्याच्या किंचित खाली, खाज सुटली. हात हलवायचा नव्हता. प्रथम ती मोहरीएवढ्या जागेत होती. मग ती पसरली, तिच्यात उष्णता आली, टोचल्यासारखे होऊ लागले, आणि आता खाजवले नाही तर काहीतरी भयंकर होईल अशी निकड सगळ्या शरीरात भरली. खांदा आपोआप ताठ झाला होता, श्वास वरच्या वर अडकला होता. मी केवळ पाहत राहिले. त्या निकडीला एक शिखर होते. तेथे पोहोचल्यावर ती थोडा वेळ रेंगाळली आणि मग, मी काहीही केलेले नसताना, विरू लागली. काही वेळाने गाल हा केवळ गाल होता. वेगाला आयुष्य असते, आणि ते आपल्याला वाटते त्याहून पुष्कळ लहान असते, हे मला त्या दिवशी पटले. नंतर धम्मपदातली एक गाथा वाचताना तिचा अर्थ अधिक उलगडला: भरकटणाऱ्या रथाप्रमाणे उसळलेला क्रोध जो आवरून धरतो त्यालाच मी सारथी म्हणतो, बाकीचे नुसते लगाम हातात धरणारे. सारथ्याने घोडे मारून टाकावेत असे बुद्धांनी म्हटलेले नाही.

शिबिरातली शांतता घेऊन घरी परतणारा प्रत्येक जण लवकरच कसोटीला उभा राहतो. आमच्या घरी माझे सासरे आहेत. अण्णांना आताशा ऐकू कमी येते आणि आत्ताच विचारलेले लक्षात राहत नाही. सकाळी खालच्या टाकीतून वरच्या टाकीत पाणी चढवण्यासाठी मोटर लावलेली असते, आणि अण्णा बाहेरच्या खोलीतून विचारतात, ‘अगं, मोटर बंद केलीस का?’ मी ‘हो अण्णा, केली’ म्हणते. पोळी तव्यावर असते तोवर तोच प्रश्न पुन्हा येतो, आणि कुकरची शिट्टी होईतो तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी माझ्या शरीरात काय होते ते मी आता बारकाईने ओळखते: आधी जबडा घट्ट होतो, मग जीभ टाळूला चिकटते, श्वास छातीच्या वरच्या भागात थांबतो आणि लाटण्यावरची पकड आवळते. एवढे सगळे शब्द उच्चारण्याच्या आधी होऊन गेलेले असते. शब्द तर तेच असतात. ‘हो अण्णा, केली’ हे तीन शब्द माणसाला आधार देण्यासाठीही उच्चारता येतात आणि त्याचे म्हातारपण त्याच्या तोंडावर मारण्यासाठीही. फरक केवळ स्वरात असतो, आणि बहिऱ्या कानांनासुद्धा स्वर अचूक ऐकू येतो.

म्हणून मी एक साधी गोष्ट करते. लाटणे खाली ठेवते, श्वास पूर्ण सोडते आणि तो सुटून संपल्यावरच उत्तर देते. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात आणि सोडताना मंदावतात, हे शरीरशास्त्र सांगते; आपल्या प्राणायामात रेचकाला, म्हणजे श्वास सोडण्याला, जे महत्त्व आहे त्याचा अनुभव या एवढ्याशा कृतीतही येतो. परंतु श्वास हे केवळ साधन झाले. त्या सवडीत जे घडायला हवे ते निराळे आहे, आणि ते गीतेच्या दुसऱ्या अध्यायात सांगितलेले आहे: क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतीचा भ्रंश आणि स्मृती गेली की बुद्धीचा नाश. चिडीच्या क्षणी समोरच्या माणसाचा सारा इतिहास पुसला जातो आणि उरतो तो फक्त तिसऱ्यांदा तेच विचारणारा आवाज. श्वास सोडून होईपर्यंत ती स्मृती परत येते. टँकर येण्याची वाट पाहण्यात ज्यांचे उन्हाळेच्या उन्हाळे गेले, हंडा-कळशी घेऊन जे स्वतः रांगेत उभे राहिले, त्या माणसाला वाहून जाणाऱ्या पाण्याची धास्ती वाटते, हे मला आठवते. आणि मग उत्तराचा स्वर मला ठरवावा लागत नाही.

येथे एका गोष्टीबद्दल स्पष्ट लिहायला हवे. गप्प बसणे म्हणजे संयम नव्हे. आपल्याकडे अबोल्याला मोठी प्रतिष्ठा आहे. ‘मी काही बोललेच नाही’ हे वाक्य माणसे अभिमानाने सांगतात. पण चार-चार दिवस चालणारा अबोला, ताट वाढताना जरा जोराने ठेवलेली वाटी, विचारलेल्या प्रश्नाला हुंकारानेही उत्तर न देणे, ही सगळी लांबवलेली प्रतिक्रियाच आहे. शब्दाने केलेला वार एकदा होऊन जातो. अबोल्याने केलेला वार घरातली लहान मुलेसुद्धा दिवसभर अंगावर झेलत राहतात. वेग सोसला की मन मोकळे होते आणि माणूस पुन्हा सहज बोलू शकतो. ते तसे होत नसेल, तर वेग सोसलेला नाही, नुसता साठवलेला आहे, असे खुशाल समजावे.

मोबाइलविषयी फार लिहीत नाही, कारण त्याचे दुखणे सगळ्यांना ठाऊक आहे. कॉलनीच्या ग्रुपवर रात्री उशिरा कोणी पार्किंगवरून टोचून लिहिले की अंगठा आपोआप उत्तर टाइप करू लागतो. माझा नियम असा आहे की, जेवण झाल्यानंतर वादाच्या संदेशाला उत्तर द्यायचे नाही. लिहायचेच असेल तर कागदावर लिहायचे आणि सकाळी अंघोळ झाल्यावर वाचायचे. सकाळी त्यातल्या दोन ओळी उरतात आणि त्या बहुधा कामाच्या असतात.

नाशिककरांना या साधनेसाठी दूर पाहण्याची गरज नाही. जांब गावचा नारायण, म्हणजे पुढचे समर्थ रामदास, लग्नमंडपातून निघून आला तो आपल्याच टाकळीला. नंदिनी आणि गोदावरी यांच्या संगमावर पाण्यात उभे राहून जप, मग पंचवटीत माधुकरी, असा 12 वर्षांचा नेम समर्थांनी चालवला असे परंपरा सांगते. मला त्यातल्या जपाइतकेच माधुकरीचे महत्त्व वाटते. ऐन मुलगेपणात रोज दुसऱ्याच्या दारात उभे राहायचे, कोणी वाढील, कोणी हिडीसफिडीस करील, आणि दोन्ही घेऊन परत संगमावर यायचे, हे शिक्षण पाण्यात उभे राहण्यापेक्षा सोपे नसणार. पुढे ‘मना बोलणे नीच सोशीत जावे’ असे जे त्यांनी लिहिले, त्यामागे मला ती दारे दिसतात. पोतेऱ्याची आख्यायिका तर आपण लहानपणापासून ऐकतो. चूल सारवत असलेल्या एका बाईने भिक्षेला आलेल्या समर्थांच्या अंगावर रागाने पोतेरे फेकले. त्यांनी ते घेतले, नदीवर नेऊन स्वच्छ धुतले, वाळवले आणि त्याच्या वाती वळून देवापुढे लावल्या. या कथेत मला सर्वांत मोलाचे वाटते ते धुण्याचे काम. शेणामातीने भरलेले फडके धुवायला वेळ लागतो, ते वाळायला वेळ लागतो, वाती वळायला वेळ लागतो. अपमान झाला त्या क्षणापासून दिवा लागेपर्यंतचा तो सगळा वेळ म्हणजेच साधना आहे, आणि ती हातांनी केलेली आहे.

हे सारे लिहिताना मनात एक आक्षेप सतत उभा राहतो, आणि बाई म्हणून तो मला टाळता येत नाही. ‘सोस’ हा उपदेश या समाजात नेहमी वरच्याने खालच्याला केलेला आहे. सुनेने सोसायचे, गड्याने सोसायचे, ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला गेला त्याने पिढ्यान्‌पिढ्या सोसायचे. भीतीपोटी गिळलेल्या शब्दाला साधना म्हणणे हा मी अपराध समजते. ज्याला बोलण्याची मुभाच नाही त्याच्या मौनात निवड नसते, आणि जेथे निवड नाही तेथे संयमाचा प्रश्नच येत नाही.

याचे उत्तर मला पंचवटीतच, काळाराम मंदिराच्या दारांशी मिळते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली 2 मार्च 1930 रोजी येथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारखे नाशिकचे कार्यकर्ते त्याची धुरा वाहत होते. मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले, रामाच्या रथयात्रेच्या वेळी सत्याग्रहींवर दगड आले, आणि तरीही हजारो स्त्री-पुरुषांनी तो लढा शिस्तीने पुढची काही वर्षे चालू ठेवला. ज्यांच्या मनात संतापाला शतकांचे कारण होते त्यांनी वेग धरला आणि दारातून हलायचे मात्र नाकारले. त्यानंतर 13 ऑक्टोबर 1935 रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, आणि प्रत्यक्ष धम्मदीक्षा घेतली ती 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात. मधल्या 21 वर्षांत त्यांनी धर्मांचा अभ्यास केला, विचार केला, लोकांना तयार केले. संतापाच्या भरात घेतलेला निर्णय इतका काळ टिकत नाही. अन्यायाला दिलेले उत्तर आणि अन्यायाने उडालेला भडका यांत काय अंतर असते, हे मला येवला ते नागपूर या वाटेवर सर्वांत स्पष्ट दिसते. म्हणून वेग सोसणे म्हणजे अन्याय सोसणे, हा अर्थ मी मुळीच मान्य करत नाही. उलट ज्याला दीर्घकाळ लढायचे आहे त्याला वेग सोसणे शिकावेच लागते.

मानाचा वेग तर साधूंनाही सुटलेला नाही. सिंहस्थात स्नानाचा पहिला मान कोणाचा यावरून पूर्वी आखाड्यांमध्ये संघर्ष झाले, आणि आज शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी कुशावर्तात तर वैष्णव आखाडे नाशकात रामकुंडावर स्नान करतात. सर्वसंगपरित्याग केलेल्यांची ही स्थिती असेल, तर संसारातल्या माणसाने आपल्या मनात मान उसळतो म्हणून निराश होण्याचे कारण नाही. त्याने आपले लक्ष कोणासमोर तो उसळतो इकडे द्यावे.

कारण या बाबतीत आपण स्वतःकडे नीट पाहिले तर ध्यानात येते की वेग धरण्याची शक्ती आपल्यापाशी आधीपासूनच आहे. कार्यालयात साहेब वाटेल ते बोलला तरी आपला आवाज चढत नाही. ज्याच्याशी सोयरीक जुळवायची आहे त्या घरी चहा गार आला तरी आपण हसून पितो. द्वारका चौकात पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला लावली की आपले शब्द आपोआप मऊ होतात. तोच माणूस भांडी घासायला येणाऱ्या मावशींना उशीर झाला, पार्सल घेऊन आलेल्या मुलाला पत्ता सापडला नाही, मुलाचे गणित दुसऱ्यांदा चुकले, की ताड्‌दिशी बोलतो आणि मग ‘मला रागच आवरत नाही’ असे सांगतो. राग आवरतो, तो कोठे आवरायचा आणि कोठे मोकळा सोडायचा हे आपण आधीच ठरवून ठेवलेले असते, आणि तो ज्यांच्यावर मोकळा सोडला जातो त्यांना उलट उत्तर देणे परवडत नाही. त्यामुळे या साधनेचा हिशेब मी आता साहेबांसमोर किंवा नातेवाइकांसमोर ठेवत नाही. सकाळी मावशींना दार उघडताना, दुपारी दारावर आलेल्या मुलाशी बोलताना आणि अण्णांनी तिसऱ्यांदा विचारल्यावर माझा स्वर काय होता, एवढेच रात्री निजण्यापूर्वी आठवून पाहते. ज्या दिवशी तो कोरडा झालेला आढळतो, त्या दिवशी दुसऱ्या सकाळी त्याच माणसापासून सुरुवात करते.